गंधार मागितला, रिषभ उमटला: टॅबलेटवर नोटेशन लिहिताना स्वर घसरतो तेव्हा

पाश्चात्त्य नोटेशनच्या पाच रेघांतली सगळ्यात खालची रेघ. ओळीच्या सुरुवातीला ट्रेबल क्लेफची वळणदार खूण असली आणि सी ला सा धरलं, तर या रेघेवर गंधार बसतो. तुम्ही बोट नेमकं रेघेवर टेकवता आणि स्वर रेघेखाली लोंबकळतो: रिषभ. पुसता, पुन्हा टेकवता, पुन्हा रिषभ. तिसऱ्यांदा चिडून जोरात दाबता, तर दोन स्वर एकाच्या डोक्यावर एक चढून बसलेले.

हे सगळ्यात नेहमीचं लक्षण. त्याची भावंडं अशी:

पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात स्वर बरोबर पडतो, पण उजवीकडे खाली सरकलात की चूक वाढत जाते.

कधी बरोबर, कधी भलतीकडे. मधूनच कोणी हात न लावता पान हलतं, स्वर आपोआप उमटतात.

स्वर टेकवायला जावं तर पान सरकतं, आणि पान सरकवायला जावं तर आधी लिहिलेला स्वर वर-खाली होतो.

बोट क्षणभर टेकवून ठेवलं की पडद्यावर चौकोन येतो आणि राइट क्लिकचा मेन्यू उघडतो.

बोट चालतं, पेन चालत नाही. किंवा पेन चालतं, पण रेघ मधूनच तुटते.

स्पर्श टॅबलेटवर, स्वर प्रोजेक्टरच्या पडद्यावर.

आणि शेवटचं: काहीही केलं तरी काहीच उमटत नाही.

मी बडोद्याच्या दांडिया बाजारात व्हायोलिन शिकवतो, दोन बँडना आणि एका शाळेच्या वृंदगानाला पार्ट लिहून देतो. दुरुस्ती हा माझा धंदा नाही. पण शिष्यांचे, त्यांच्या आईवडिलांचे, बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्या काकांचे असे इतके टॅबलेट हातांखालून गेलेत, की गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस माझ्याकडे व्हायोलिनपेक्षा टॅबलेटच जास्त येतात. प्रत्येकाचं वाक्य एकच: “सर, सॉफ्टवेअर बिघडलंय.” सॉफ्टवेअर खरोखर बिघडलेलं असण्याची वेळ फार क्वचित आली आहे.

म्हणून काही उचकटण्याआधी एक छोटी परीक्षा घ्या. कोरं पान उघडा आणि त्या खालच्या रेघेवर गंधार दहा वेळा टेकवा. घाई नको, नेहमी लिहिता तसंच. मग चूक कुठल्या दिशेला झाली ते बघा. दहाही स्वर खालीच घसरले असतील, तर दोष बहुतेक तुमच्या बोटाचा किंवा बसण्याचा आहे. कोपऱ्यागणिक चूक बदलत असेल तर सेटिंग किंवा काच. काही दिशाच नसेल, स्वर विखुरलेले असतील, तर वीज, ओल किंवा घाण. चूक दर वेळी एवढी लांब पडत असेल की स्वर दुसऱ्याच पानावर जाईल, तर टॅबलेटला आपला पडदा कोणता तेच माहीत नाही. पुढचं सगळं या दहा स्वरांवर चालतं, त्यामुळे ही पायरी गाळू नका. मी सुरुवातीला गाळायचो आणि तासभर ड्रायव्हर, म्हणजे पडदा चालवणारा छोटा प्रोग्रॅम, शोधत बसायचो.

आणखी एक काम आधीच करा: जी फाइल उघडी आहे तिची दुसऱ्या नावाने प्रत ठेवा. तपासणी करताना बोट लागून चौथ्या ओळीतला एखादा स्वर बदलतो आणि तो चार दिवसांनी तालमीत ऐकू येतो.

आधी बघा, हे ॲप लिहिण्यासाठी आहे का

हसू नका. “काहीच उमटत नाही” म्हणून आलेल्यांपैकी निम्म्यांची गोष्ट इथेच संपते. नोटेशन लिहायचा म्यूझस्कोर हा प्रोग्रॅम फुकट आहे, सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे लोक टॅबलेटवर त्याचं मोबाइल ॲप उतरवून घेतात. ते ॲप नोटेशन बघायला आणि ऐकायला आहे. त्यात स्वर लिहिता येत नाही. लिहायचा प्रोग्रॅम विंडोज, मॅक आणि लिनक्स यांच्यावर चालतो. म्हणजे विंडोजचा टॅबलेट असेल तर पूर्ण म्यूझस्कोर चालेल, अँड्रॉइडचा असेल तर फक्त वाचनालय.

आयपॅडवाल्यांची सोय बरी आहे. डोरिको आणि सिबेलियस हे नोटेशनचे दोन्ही प्रोग्रॅम २०२१ साली आयपॅडवर आले आणि दोन्हींत प्रत्यक्ष लिहिता येतं. स्टाफपॅड २०१५ साली विंडोजच्या पेनवाल्या टॅबलेटसाठी आलं आणि २०२० मध्ये आयपॅडवर. त्यात पेनाने हाताने लिहिल्यासारखे स्वर काढायचे, प्रोग्रॅम ते छापील करून देतो. पण तिथे लिहिण्याचं काम पेनाचं आणि पान हलवण्याचं बोटाचं. बोटाने कितीही टकटक केलंत तरी स्वर येणार नाही, आणि तो दोषही नाही.

चार्जर काढा

दोन सेकंदांचं काम, पैसे शून्य. स्वर विखुरलेले पडत असतील किंवा भुताने लिहिल्यासारखे आपोआप उमटत असतील, तर चार्जरची वायर काढून पुन्हा दहा गंधार लिहा.

वाडीतल्या एका जुन्या घरात शिकवणीला जायचो. मुलगा हुशार, पण त्याचा टॅबलेट संध्याकाळी पिसाळायचा आणि सकाळी शहाण्यासारखा वागायचा. घरातल्यांनी दोनदा सगळं पुसून प्रोग्रॅम नव्याने टाकला होता. एकदा माझ्यासमोरच स्वर पावसासारखे पडायला लागले, मी वायर उपटली आणि पाऊस थांबला. वायर लावली, पाऊस सुरू. मूळ चार्जर हरवला होता आणि त्या जागी फुटपाथवरचा एक हलका, बिननावाचा चार्जर आला होता. सकाळी टॅबलेट बॅटरीवर असायचा, संध्याकाळी भिंतीला.

याचं कारण काचेखाली आहे. काचेच्या मागे न दिसणाऱ्या उभ्या-आडव्या पट्ट्यांची जाळी असते. बोट जवळ आलं की तिथली विद्युत धारिता अगदी किंचित बदलते, आणि त्या किंचित बदलावरून टॅबलेट ओळखतो की स्पर्श कुठे झाला. हलक्या चार्जरमधून वीजेचा गोंगाट वायरीतून आत येतो आणि तो या मोजमापात मिसळतो. मग टॅबलेटला नसलेली बोटं दिसू लागतात. मूळ चार्जर किंवा चांगल्या कंपनीचा चार्जर हाच इलाज. मांडवीतला दुकानदार “चाली जशे”, म्हणजे चालून जाईल, म्हणतो तेव्हा तो चार्जिंगबद्दल खरंच बोलत असतो. गंधाराबद्दल त्याने काही म्हटलेलं नसतं.

धातूच्या पाठीच्या टॅबलेटला चार्जिंगच्या वेळी हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल, तर तेही चार्जर बदलण्याचंच चिन्ह. झटका बसत असेल, तर चार्जर वापरणं तिथेच थांबवा आणि घरातला सॉकेट इलेक्ट्रिशियनला दाखवा.

हात, काच आणि कव्हर

सेव उसळ खाऊन आलेल्या बोटांनी नोटेशन लिहू नये. एवढं सांगितलं की बडोद्यातली निम्मी साफसफाई होते. तेल आणि घाम दोन्ही काचेवर थर करतात. घामात मीठ असतं, त्यामुळे पाण्याचा एक थेंबही टॅबलेटला बोटासारखा वाटू शकतो. ऑगस्टात हवा ओली असते तेव्हा हे जास्त. टॅबलेट बंद करा, किंचित ओलसर मऊ फडक्याने पुसा, मग कोरड्या. काच पुसायचा स्प्रे थेट पडद्यावर मारू नका, कडेच्या फटीतून तो आत जातो.

काचेवर लावलेला टेम्पर्ड ग्लास जाड असेल, कडा उचलल्या असतील किंवा आत हवेचे बुडबुडे असतील, तर त्या जागी स्पर्श कमकुवत होतो. मधला भाग बरोबर आणि कडा चुकीच्या, असं दहा स्वरांत दिसलं तर आधी हा ग्लास काढून बघा. काही अँड्रॉइड टॅबलेटांत स्पर्शाची संवेदनशीलता वाढवण्याची सेटिंग असते, ग्लास ठेवायचाच असेल तर ती चालू करा.

कव्हरचं मात्र कोणाच्या डोक्यात येत नाही. पुस्तकासारखं उघडणारं कव्हर मागे दुमडलं की त्यातले चुंबक बरोबर पडद्यामागे येतात. बोटाला त्याने फरक पडत नाही. पण ज्या पेनात सेल नसतो आणि जे पडद्याखालच्या चुंबकीय क्षेत्रावर चालतं, त्या जातीचं पेन चुंबकाजवळ गेलं की वाकडी रेघ काढतं किंवा एका पट्ट्यात मुकंच होतं. पेन ठरावीक जागी चुकत असेल तर कव्हरमधून टॅबलेट बाहेर काढा आणि तीच रेघ पुन्हा ओढा.

तुमचं बोट पाच रेघांपेक्षा रुंद आहे

इथे मी जरा थांबणार आहे, कारण खरा घोटाळा बहुतेक वेळा इथेच असतो आणि लोकांना तो ऐकायला आवडत नाही.

म्यूझस्कोरमध्ये नवीन पान घेतलं की दोन रेघांमधलं अंतर १.७५ मिलिमीटर असतं. पाच रेघांत चार जागा, म्हणजे पूर्ण स्टाफची उंची ७ मिलिमीटर. रेघेवरचा गंधार आणि त्याच्या वरच्या जागेतला मध्यम यांच्यात अंतर १.७५ च्या निम्मं, ०.८७५ मिलिमीटर. आता पट्टी घ्या आणि पडद्यावर टेकलेल्या तर्जनीच्या टोकाची रुंदी मोजा. साधारण ८ ते १० मिलिमीटर भरेल. खऱ्या आकाराच्या पानावर तुम्ही गंधाराला बोट लावता तेव्हा त्याच्या खालच्या चार आणि वरच्या चार स्वरांच्या जागांवरही तुमचं बोट असतं. त्यातला कुठला स्वर हवा हे टॅबलेटने ओळखायचं तरी कसं? तो बोटाने झाकलेल्या ठिपक्याचा मधला बिंदू काढतो आणि तिथे स्वर ठेवतो.

आणि तो मधला बिंदू तुम्हाला वाटतो तिथे नसतो. आपण नेम धरतो तो नखाच्या टोकाने, पण काचेला टेकतो तो बोटाचा गुबगुबीत भाग, जो टोकाच्या खाली असतो. म्हणून दहाच्या दहा स्वर खाली घसरतात. टॅबलेट स्टँडवर तिरका ठेवून तुम्ही वरून तिरकस बघत असलात तर आणखी फरक पडतो, विशेषतः जुन्या पडद्यांत, जिथे काच आणि चित्र यांच्यात फट असते. आमच्या बँडमधले काका उभ्याने लिहायचे आणि प्रत्येक स्वर एका पायरीने खाली. खुर्चीवर बसवून टॅबलेट टेबलावर सपाट ठेवला, तर दहापैकी आठ बरोबर आले. काकांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मीच आधी काहीतरी कळ फिरवून ठेवली होती.

इलाज साधे आहेत. पान मोठं करा, तेही २०० नव्हे, ३०० टक्क्यांपर्यंत. मग दोन स्वरांमधलं अंतर अडीच मिलिमीटरच्या पुढे जातं आणि बोटाला वाव मिळतो. पडद्यावर तीन-चारच मात्रा दिसतील, चालेल. नजर सरळ वरून ठेवा. बोट टेकवल्यावर काही प्रोग्रॅम फिकट स्वर दाखवतात. तो हवा त्या जागी सरकवून मगच बोट उचला.

पण माझं प्रामाणिक मत विचारलंत तर बोटाने स्टाफवर स्वर टेकवणं ही पद्धतच सोडा. म्यूझस्कोरमध्ये पी दाबलं की खाली पियानोच्या पट्ट्या येतात. एन दाबून लिहिण्याच्या अवस्थेत या, ५ दाबून क्वार्टर, म्हणजे एका मात्रेचा स्वर, निवडा आणि त्या पट्ट्यांवर बोट ठेवत जा. पट्टी बोटाएवढी रुंद असते, चुकायला जागाच नाही. त्याहून बरं म्हणजे छोटा ब्लूटूथ किबोर्ड. ए ते जी या अक्षरांनी स्वर, आकड्यांनी मात्रेची लांबी, बाणाने स्वर वर-खाली. बोट पान उलटायला, किबोर्ड स्वर लिहायला आणि पेन तालमीत खुणा करायला, अशी वाटणी केलेले माझे शिष्य आता टॅबलेट घेऊन येत नाहीत. व्हायोलिन घेऊन येतात.

लिहिताय की हलवताय

पान सरकतं किंवा जुना स्वर बदलतो ही तक्रार असेल, तर तुम्ही कुठल्या अवस्थेत आहात ते बघा. लिहिण्याची अवस्था चालू नसताना स्टाफवर बोट लावलं की प्रोग्रॅम स्वर निवडतो किंवा पान धरतो. आणि अनेक प्रोग्रॅममध्ये निवडलेल्या स्वरावरून बोट वर-खाली ओढलं की तो स्वरच बदलतो. पान सरकवायला सुरुवात नेहमी रिकाम्या जागेवरून किंवा दोन बोटांनी करा. पेन असेल आणि प्रोग्रॅममध्ये “फक्त पेनाने लिहा” अशी सोय असेल तर ती चालू करा, म्हणजे टेकलेला तळहात स्वर लिहीत बसणार नाही.

शब्द लिहितानाही असाच एक चकवा आहे. म्यूझस्कोरमध्ये कंट्रोल-एल दाबून गाण्याचे शब्द लिहिता येतात. स्पेस दिली की पुढच्या स्वरावर उडी, डॅश दिला की शब्दाचे तुकडे. पडद्यावरच्या किबोर्डात तुम्ही सुचवलेला मराठी शब्द निवडलात, की तो किबोर्ड शब्दामागे स्वतःहून एक स्पेस टाकतो. प्रोग्रॅमला ती उडी वाटते. मग तुम्हीही स्पेस देता आणि एक स्वर कोरा राहतो. शाळेच्या प्रार्थनेची अख्खी दुसरी ओळ एका स्वराने पुढे गेलेली मी बघितली आहे. बाईंनी सॉफ्टवेअरला बोल लावले, मुलं मात्र अंदाजाने बरोबर गायली. किबोर्डाच्या सेटिंगमध्ये आपोआप स्पेस आणि सुचवणी बंद करा. विंडोजवर पडद्यावरच्या किबोर्डात एस्केपसारख्या कळा दिसत नसतील, तर त्याच्याच सेटिंगमध्ये पारंपरिक मांडणी निवडा.

जाता जाता: भातखंडे पद्धतीने, म्हणजे कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी, असं लिहायचं असेल तर हे प्रोग्रॅम त्यासाठी बनलेले नाहीत. त्यांची घडण पाच रेघांची. ती ओढाताण वेगळी, तिचा स्पर्शाशी संबंध नाही. बडोद्यात सूरसागर तलावापाशी जे संगीत महाविद्यालय आहे त्याची सुरुवात १८८६ साली गवई मौलाबक्षांच्या हाताखाली झाली, आणि मौलाबक्षांची स्वर लिहिण्याची स्वतःची पद्धत होती. त्यांच्या कागदाला बोट लागलं म्हणून स्वर हलत नसे, एवढं खरं.

आता माऊस लावा

इथपर्यंत काही सापडलं नाही तर गुन्हेगार वेगळा काढायची वेळ आली. कोणाकडून तरी वायरचा साधा माऊस आणा, टॅबलेटला जोडा आणि त्याने दहा गंधार लिहा. दहाही बरोबर पडले तर प्रोग्रॅम निर्दोष आहे, पुन्हा टाकायच्या भानगडीत पडू नका. माऊसनेही चुकत असेल तर प्रोग्रॅम अद्ययावत करा आणि टॅबलेट बंद करून चालू करा.

दुसरी परीक्षा चित्र काढायच्या कुठल्याही ॲपमध्ये. बोटाने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ सावकाश ओढा, मग उलट दिशेने. रेघ एखाद्या पट्ट्यात तुटत असेल आणि दर वेळी त्याच पट्ट्यात, तर काचेखालची जाळी तिथे मेली आहे. पुढच्या सेटिंगा करून काही मिळणार नाही, थेट शेवटच्या भागाकडे या.

पेनाचं दुखणं

पेनाचं टोक हाताने घट्ट करून बघा. आयपॅडच्या पेनाचं टोक आट्यांचं असतं, वापरून ढिलं होतं आणि रेघ तुटायला लागते. टोक झिजलं असेल तर नवीन मिळतं.

सेलवर चालणारं पेन असेल तर सेल नीट बघून घ्या. विंडोजच्या काही पेनांत चार ए वाला (AAAA) सेल लागतो. रावपुऱ्यात दुकानात गेलो तर तिथल्या मुलाने हसत तीन ए वाला हातात ठेवला आणि “एकच आहे, अंकल” म्हणाला. एक नाही. चार ए वाला आणखी बारीक असतो, तीन ए वाला आत जातच नाही.

पेन आणि टॅबलेट यांची जात जुळते का हेही बघा. रबराच्या गुबगुबीत टोकाचं साधं पेन म्हणजे नुसतं दुसरं बोट. ते कुठेही चालतं आणि कुठेही तेवढंच चुकतं. खरं पेन ठरावीक पडद्याशीच बोलतं. आयपॅडचं २०१५ चं पेन आणि २०१८ चं पेन एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मित्राचं पेन उसनं आणून “पडदा गेला” असा निष्कर्ष काढू नका. जात जुळत असेल आणि तरी जोडलं जात नसेल, तर ब्लूटूथच्या यादीतून ते पेन विसरायला लावा आणि नव्याने जोडा.

विंडोजच्या पोटात

हे काम अवघड नाही, पण शांतपणे करायचं आहे. माऊस जोडलेला राहू द्या.

बोट टेकवलं की चौकोन येऊन मेन्यू उघडतो, त्याची कळ कंट्रोल पॅनलमध्ये ‘पेन अँड टच’ या नावाखाली आहे. तिथे टचच्या पानावर दाबून धरल्यावर राइट क्लिक करण्याची खूण काढून टाका. नोटेशन लिहिणारा माणूस विचार करताना बोट टेकवूनच ठेवतो, त्यामुळे ही सोय आपल्याला फक्त जाच.

स्वर प्रोजेक्टरवर पडत असेल, तर तिथेच ‘टॅबलेट पीसी सेटिंग्ज’ उघडा आणि सेटअप दाबा. एकेक पडदा पांढरा होतो आणि विचारतो, स्पर्शाचा पडदा हाच का? नसेल तर एंटर, असेल तर बोट लावा. शाळेच्या हॉलमधली तक्रार दरवर्षी या एका बटणाने मिटते आणि पुढच्या वर्षी पुन्हा येते.

कोपऱ्यागणिक चूक बदलत असेल, तर त्याच खिडकीत कॅलिब्रेशन, म्हणजे स्पर्श आणि चित्र जुळवून घेण्याची सोय, आहे. पण आधी रीसेट दाबा. कोणीतरी कधीतरी घाईत केलेलं कॅलिब्रेशन हाच दोष असतो, त्यावर आणखी एक थर चढवू नका. डाव्या वरच्या कोपऱ्यापासून लांब जावं तशी चूक वाढत असेल आणि माऊस मात्र बरोबर असेल, तर पडद्याचं स्केलिंग, म्हणजे अक्षरं-चित्रं किती मोठी दिसावीत ती सेटिंग, १०० टक्क्यांवर आणून बघा. फरक पडला तर स्केलिंग पूर्वीसारखं करा आणि त्या प्रोग्रॅमच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीखाली हाय डीपीआयची जी सेटिंग आहे ती बदला. जुन्या आवृत्त्यांना मोठ्या स्केलिंगचा हिशोब नीट जमत नाही.

शेवटचा उपाय डिव्हाइस मॅनेजरमध्ये. ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेसखाली टच स्क्रीनची नोंद असते. ती डिसेबल करा, दहापर्यंत मोजा, एनेबल करा. माऊस जोडलेला नसेल तर डिसेबल केल्यावर एनेबल कशाने करणार, हे आधी ठरवा. मी एकदा ठरवलं नव्हतं. त्याने सुटलं नाही तर टॅबलेट बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर टाका. ड्रायव्हर शोधून देणारे फुकटचे प्रोग्रॅम वापरू नका, एकाच्या जागी चार दुखणी येतात.

इथे हात काढा

पडदा एका बाजूने उचलला गेला असेल, टॅबलेट टेबलावर सपाट बसत नसेल, कड फुगलेली दिसत असेल, तर आतली बॅटरी फुगली आहे. ती मागून पडद्याला दाबते आणि म्हणूनच स्वर आपोआप उमटतात. मी हे दोनदा बघितलं आहे आणि दोन्ही वेळा घरच्यांनी पडदा दाबून बसवायचा प्रयत्न केला होता. दाबू नका, चार्ज करू नका, उघडू नका. बंद करा, गादी-उशीपासून लांब ठेवा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या. यात घरगुती उपाय नाही.

काच तडकली असेल, किंवा तिरक्या रेघेत ठरावीक पट्टा मेलेला असेल, तर पडदा बदलावा लागतो. आजच्या बहुतेक टॅबलेटांत काच आणि चित्राचा पडदा एकमेकांना चिकटवलेले असतात, त्यामुळे नुसती काच बदलून देतो म्हणणाऱ्याला दोनदा विचारा. खर्चाचा आकडा आधी घ्या. जुना टॅबलेट असेल तर त्या पैशांत किबोर्ड आणि साधा वापरलेला लॅपटॉप यांचाही हिशोब करून बघा.

पाणी आत गेलं असेल तर तांदळाच्या डब्यात ठेवू नका आणि सुरू करूनही बघू नका. विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा खालच्या मजल्यावरच्या कपाटांतून निघालेले टॅबलेट लोकांनी सुकवून लगेच चार्जिंगला लावले. थोड्या वेळापूर्वीपर्यंत ज्यांची फक्त काच ओली होती, त्यांचे बोर्ड गेले.

दुरुस्तीला देण्याआधी, पडदा थोडाही चालत असेल तर माऊस लावून सगळ्या फाइली बाहेर काढा. दुकानात टॅबलेट पुसून कोरा करण्याची वेळ येऊ शकते. मूळ फाइलीबरोबर प्रत्येक गाण्याची एक म्युझिकएक्सएमएल प्रत काढा, ती म्यूझस्कोर, सिबेलियस, डोरिको यांच्यापैकी कशातही उघडते, आणि एक पीडीएफ. पीडीएफ लगेच छापून घ्या. टॅबलेट कधी परत येईल ते दुकानदार सांगेल, पण तालीम रविवारीच आहे.